ओळखीच्या अटी

येल विद्यापीठाचा पदवीधर असलेल्या क्लिफर्ड बिअर्स या अमेरिकन तरुणाने मनोरुग्णालयांत काढलेल्या वर्षांची हकीकत १९०८ साली पुस्तकरूपाने छापली, तीही स्वतःच्या नावानिशी. तिथल्या छळाचे वर्णन त्यात होतेच. पण आजारातून सावरलेला माणूस ‘हे माझ्या बाबतीत घडले’ असे उघडपणे सांगतो आहे, ही गोष्ट लोकांना नवी होती. पुढच्याच वर्षी बिअर्सच्या पुढाकाराने मानसिक आरोग्यासाठी तिथे राष्ट्रीय समिती स्थापन झाली. आज मानसिक आरोग्य संस्थांमध्ये ‘दूत’, ‘चॅम्पियन’, ‘मित्र’ अशा नावांनी काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास इथून सुरू करायला हरकत नाही. या अभ्यासाकडे वळलेल्या वाचकाचे मनापासून स्वागत; मग तो मानसशास्त्राचा विद्यार्थी असो, समाजकार्यकर्ता असो, की घरातल्या आजारपणाने या वाटेला लागलेला शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारा आप्त, असो.

अशा स्वयंसेवकांची गरज का भासते? ‘डॉक्टर कमी आहेत’ हे उत्तर खरे, पण अपुरे. भारतातल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. त्यात तज्ज्ञांच्या तुटवड्याचा वाटा मोठा आहेच. मात्र मानसोपचारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतानाही घरोघरी महिनोन्‌महिने टाळाटाळ चालते. मुलीचे लग्न जमणार नाही, सोसायटीत कुजबुज होईल, ऑफिसात कळले तर बढती हुकेल, अशी धास्ती असते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली कलंकाची जी मीमांसा केली, ती याच धास्तीची.

ही धास्ती माहितीपत्रके वाटून फारशी हटत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांविषयी लिहिताना मांडले, की दोन गटांतली माणसे प्रत्यक्ष भेटली तर पूर्वग्रह निवळतात. पण त्याला अटी आहेत. भेट बरोबरीच्या नात्याने व्हावी, उद्दिष्ट सामायिक असावे, सहकार्य असावे आणि संस्थेचे पाठबळ असावे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या कलंकनिवारणाविषयीच्या आयोगानेही २०२२ साली सामाजिक संपर्क हाच सर्वांत परिणामकारक मार्ग ठरवला. मात्र ऑलपोर्टच्या अटींकडे, विशेषतः शेवटच्या अटीकडे, संस्थांचे दुर्लक्ष होते, आणि दूतांचे उपक्रम फसतात ते बहुधा तिथेच.

या क्षेत्रात दोन परंपरा दिसतात. पहिली सांगणाऱ्यांची. कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाविषयी मोकळेपणाने सांगितले आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. इंग्लंडमध्ये ‘टाइम टू चेंज’ मोहिमेने २००७ ते २०२१ या काळात स्वानुभव सांगणारे स्वयंसेवक तयार केले. असा शुभार्थी, म्हणजे स्वतः आजार अनुभवलेला माणूस, कॉलेजात वीसेक मिनिटे बोलतो, तेव्हा काय घडते ते पाहावे. लक्षणांची यादी मुलांनी पुस्तकात वाचलेली असते. प्रश्न येतात ते वेगळेच: गोळ्यांनी झोप येते का, मित्रांना कधी सांगितलेस, सध्या नोकरी करतोस का. ‘माझा डोस कमी करू का’ असे कुणी विचारले, की जाणता दूत ‘ते तुमच्या डॉक्टरांना विचारा’ म्हणून थांबतो. हे थांबणे प्रशिक्षणातून येते.

दुसरी परंपरा ऐकणाऱ्यांची. चॅड व्हारा या धर्मगुरूने १९५३ साली लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्यांसाठी मदतकेंद्र सुरू केले. ताटकळत बसलेल्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक होते. पुष्कळ जण त्यांच्यापाशीच मन मोकळे करून व्हारांना न भेटताच परत जातात, हे ध्यानात आल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम या स्वयंसेवकांवर सोपवले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी घडली.

आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी या संस्थेने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ प्रकल्प राबवला. तिथले ‘मित्र’ गावातल्या त्रासलेल्या माणसांना हेरतात आणि ‘चॅम्पियन’ त्यांच्याशी चार-सहा वेळा बसून बोलतात. बेकारी, घरातली भांडणे, मारहाण, दारू यांवरच्या छोट्या फिल्म ते मोबाइलवर दाखवतात. सरकारी योजनेची कागदपत्रे जमवायला मदत करतात आणि आजार तीव्र वाटला तर दवाखान्याची वाट दाखवतात. शेतमजुराची अडलेली पेन्शन आणि त्याची उडालेली झोप वेगळी काढता येत नाही, हे गावात राहणाऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ समुपदेशक दवाखान्यांत नेमून पाहिले. सरकारी आरोग्य केंद्रांत त्याचा चांगला उपयोग झाल्याचे २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

मग अडते कुठे? सांगणाऱ्याला दर कार्यक्रमात तीच जखम उघडायला लावली, तर बरोबरीचे नाते संपते आणि त्याचे प्रदर्शन होते. काय सांगायचे नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडेच हवा. आत्महत्येविषयी बोलताना मार्गाचा तपशील टाळायचा असतो. तेही आधी शिकवावे लागते. ऐकणाऱ्याच्या मागे देखरेख नसेल, तर दुसऱ्याचे दुःख तो घरी घेऊन जातो. त्याचा स्वतःचा आजार उलटला तर सन्मानाने विश्रांती घेण्याची आणि परतण्याची सोय आहे का, हेही पाहावे लागते. प्रवासखर्चासारखी साधी बाबसुद्धा कोण दूत होऊ शकतो आणि कोण नाही, हे ठरवते.

संशोधनातही मोकळ्या जागा आहेत. ग्रॅहम थॉर्निक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली घेतलेल्या आढाव्यात, संपर्काचा परिणाम अल्पकाळ दिसतो, पण तो टिकतो याचे पुरावे तोकडे आहेत, असे दिसले. शिवाय बहुतेक अभ्यास श्रोत्यांची मते मोजतात. सांगणाऱ्याचे काय झाले, हे फार थोडे अभ्यासक विचारतात. नव्या वाचकाने इथूनच सुरुवात करावी. किती कार्यक्रम झाले, किती श्रोते आले, हा हिशेब वार्षिक अहवालात असतोच. किती दूत टिकले, किती गळाले आणि का, हेही संस्थेला विचारावे. ज्या संस्थेपाशी याचे उत्तर तयार असेल, तिथे शिकायला जावे.