आरशातला चेहरा : ‘तृतीय रत्न’ ते ‘बलुतं’

कथा-कादंबरीतल्या पात्रात वाचक स्वतःला पाहतो, हे विधान आपले समीक्षक इतक्या सहजपणे करतात की ते सर्व वाचकांना सारखेच लागू असावे असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. मराठी साहित्यात हा अधिकार काहींना आयता मिळाला, काहींना उशिरा मिळाला, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर तो लढून मिळवावा लागला. म्हणजे आस्वादाच्या या प्रश्नालाही एक सामाजिक इतिहास आहे. त्या इतिहासाचे काही महत्त्वाचे दुवे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात सापडतात. या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आणि घरातला पहिलाच पदवीधर असलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरलाच सुरू झाले. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळाही येथेच होत्या. त्या पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षणही फरारबाईंकडेच घेतले. पुढे फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये याच ‘ज्ञानोदया’त छापून आला. तोपर्यंत आपल्याविषयी दुसरे बोलत होते. मुक्ता स्वतः बोलली, आणि ‘आम्ही’ म्हणून बोलली. हे लेखन कल्पित नाही, पण पुढच्या साऱ्या कल्पित लेखनासमोर तिने एक कसोटी ठेवली आहे. बोलणारा कोण, हीच ती कसोटी.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक गरोदर कुणबीण, तिचा भाबडा नवरा, ग्रहदशेची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी आणि मधूनमधून वर्मावर बोट ठेवणारा विदूषक ही त्यातली पात्रे. शेवटी नवरा-बायको जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतात. शूद्रातिशूद्राने पाहावे आणि ‘अरे, हा तर मीच’ म्हणावे, असे हे मराठीतले पहिले महत्त्वाचे पात्रचित्रण आहे. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले आणि नाकारले गेले. पुस्तकरूपाने तर नाहीच, पण नियतकालिकातही ते छापले गेले नाही. ‘पुरोगामी सत्यशोधक’मधून ते वाचकांसमोर आले ते १९७९ मध्ये. म्हणजे कुणब्याच्या हाती आरसा द्यायला महाराष्ट्राने एकशे चोवीस वर्षे लावली! एवढ्या काळात किती पिढ्या स्वतःचा चेहरा न पाहताच गेल्या, याचा हिशेब आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी कधी मांडला आहे काय?

‘तृतीय रत्न’ अंधारात पडून असताना मराठी कादंबरी मात्र वाढत होती. १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’त बाबा पदमनजींनी हिंदू विधवांची दुःखे मांडली. हरिभाऊ आपट्यांच्या यमूने पांढरपेशा घरातल्या स्त्रीचा कोंडमारा बोलका केला. ही कामगिरी मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु या कादंबरीत महार-मांग आला तर तो बहुधा जोहार घालून दूर उभा राहण्यापुरता. त्याला घर नव्हते, रात्र नव्हती, स्वप्न तर नव्हतेच. पुढे श्री. म. माट्यांनी ‘उपेक्षितांचे अंतरंग’ (१९४१) लिहिले. विभावरी शिरूरकरांनी ‘बळी’ (१९५०) मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट दाखवली. या लेखनात कळकळ आहे, निरीक्षण आहे. तरी त्यातला पाहणारा डोळा दुसऱ्याचा आहे. त्या पात्राची आपल्याला कणव येते, पण त्याच्यासारखे उठून उभे राहावे असे क्वचितच वाटते.

हा फरक अण्णाभाऊ साठ्यांनी घडवला. ‘फकिरा’ (१९५९) ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात आपली माणसे मरू नयेत म्हणून धान्य लुटणारा, इंग्रजी सत्तेशी झुंजणारा मातंग नायक मराठी कादंबरीच्या मध्यभागी उभा राहिला. या पात्रात स्वतःला पाहणे म्हणजे मान ताठ करणे होते. १९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. त्यातल्या शीर्षककथेचा निवेदक परमुलखात रेल्वेच्या नोकरीवर जातो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती कळताच मार खातो. फकिरात आपल्याला व्हावेसे वाटणारा माणूस दिसतो, तर बागुलांच्या निवेदकात आपण प्रत्यक्षात असलेला माणूस दिसतो. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनावाचा उच्चार अडखळत करणाऱ्या प्रत्येकाला ही दुसरी ओळख अधिक जाचते. साहित्याला दोन्ही ओळखी लागतात. नुसत्या पहिलीने पोवाडा होतो, नुसत्या दुसरीने रडगाणे.

आणि मग १९७८ साली ग्रंथालीने ‘बलुतं’ प्रसिद्ध केले. दया पवार मूळचे याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. गावचा महारवाडा आणि मुंबईतला नागपाड्याचा कावाखाना या दोन टोकांमध्ये हे आत्मकथन फिरते. गावकामाच्या बदल्यात मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुतं. महारवतनाच्या या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. कायद्याने वतन गेले, पण माणसाच्या मनात मुरलेले बलुतं तसेच राहिले. पवारांनी पुस्तकाला दिलेल्या नावाचा अर्थ मला असा दिसतो.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची मांडणी. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकलेला, नोकरी करणारा, कविता लिहिणारा दया ऐकतो आहे. दगडू त्याच्या सावलीसारखा त्याच्यासमोर आहे. कचरू, धोंड्या, दगडू ही नावे ठेवणाऱ्या व्यवस्थेने दिलेले नाव एकाचे, स्वतः घडवलेले नाव दुसऱ्याचे. आत्मकथन म्हणजे कादंबरी नव्हे, हे मान्य. पण येथे लेखकाने स्वतःचेच पात्र केले आहे. वाचलेल्या पुस्तकांत आपला चेहरा पुरेसा सापडत नाही, तेव्हा पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस आपल्याच आयुष्यातून पात्र कोरून काढतो, आणि मग त्याच्याकडे बोट दाखवून विचारतो, हा मीच ना? शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) या पुस्तकाच्या केंद्रस्थानी ‘नाजा’ आहे, तेही मला याच गरजेतून आलेले वाटते.

‘बलुतं’ आले तेव्हा आपल्याच शिकलेल्या माणसांपैकी काहींनी नाके मुरडली. घाण उकरून चव्हाट्यावर कशाला मांडायची, असा त्यांचा सवाल होता. त्यांना केवळ भित्रे म्हणून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्या, मुलांची नावे बदललेल्या माणसाला आरशात अचानक दगडू दिसला तर तो दचकणारच. पण त्याचे दचकणे हाच पुस्तकाच्या खरेपणाचा पुरावा आहे. ज्या आरशात आपण फक्त देखणे दिसतो, त्याचा उपयोग भांग पाडण्यापुरताच.

या आरशालाही मर्यादा आहेत. मी ‘बलुतं’ शिकवतो तेव्हा वसतिगृहातली मुले डोळे खाली घालून ऐकतात, काही तासानंतर येऊन घरचे बोलतात. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यातली आई राबते, मुलाला शिकवते, सगळं करते. पण तिला काय वाटत होतं, ते कुठाय?” प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर पुरुषांच्या पुस्तकांत मिळत नाही. ते कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये, बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये, ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये शोधावे लागते. बेबीताईंनी तर घरातल्या नवऱ्याची आणि सासूची सत्ताही झाकून ठेवली नाही. दलित पुरुषाने या पुस्तकांतही स्वतःला शोधावे. तेथे तो नायक म्हणून भेटेलच असे नाही.

हे सारे जुने झाले, आता मुले शिकली, असे म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्यातले खर्डा आठवावे. एप्रिल २०१४ मध्ये तेथे एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो हा त्याचा अपराध समजला गेला. साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. बागुलांच्या कथेतला मार १९६३ चा आहे, असे आमच्या विद्यार्थ्याला कोणत्या तोंडाने सांगावे? त्याला ती कथा जुनी वाटत नाही, हे साहित्याचे यश असेल, पण समाजाचे अपयश आहे.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे दोन कामे आहेत. पहिले म्हणजे ही पुस्तके ‘दलित साहित्य’ या एका प्रश्नाच्या गुणांपुरती न शिकवता मराठी माणसाचा इतिहास म्हणून सर्व मुलांना वाचायला लावणे. सवर्ण मुलालाही त्यात आपला चेहरा सापडेल. जोश्याचा असेल, खोली नाकारणाऱ्या घरमालकाचा असेल, गप्प बसणाऱ्या साक्षीदाराचा असेल. तो त्याने पाहिला पाहिजे. दुसरे काम अधिक निकडीचे आहे. आपल्या वर्गात पारधी, भिल्ल, ठाकर घरांतली मुले आता येऊन बसू लागली आहेत. ती अजून फारसे बोलत नाहीत. त्यांना कोणते पुस्तक द्यावे, असा प्रश्न पडेल तेव्हा एक कोरी वहीही सोबत द्यावी.