नागनिका : सातवाहन राणीचे दुर्मीळ नाव

मराठी घरांत मुलींना इतिहासातील नावे ठेवण्याची प्रथा जुनी आहे. जिजा, अहिल्या, गौतमी ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु महाराष्ट्राच्या ज्ञात इतिहासातील पहिल्या काही राजस्त्रियांत जिची गणना होते, त्या नागनिकेचे नाव मात्र आजही क्वचितच कानावर पडते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेले पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. नागनिका ही याच घराण्यातील राजा पहिला सातकर्णी याची राणी. त्यामुळे या नावाशी मराठवाड्याचे नाते जवळचे आहे.

अर्थ आणि रूप

‘नाग’ या शब्दाचे संस्कृतात सर्प आणि हत्ती असे दोन्ही अर्थ होतात. नाग हे प्राचीन कुळांचेही नाव होते. राणीच्या नावाचा संबंध अशा एखाद्या कुळाशी असावा, असे काही अभ्यासक मानतात. कोरीव लेखात हे नाव ‘नायनिका’ असे येते. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोपून त्या जागी ‘य’ येतो. ‘नगर’चे ‘नयर’ होते, तसेच हे रूप. म्हणूनच ‘नयन’ या शब्दावरून आलेल्या ‘नयनिका’ या आधुनिक नावाशी त्याची गल्लत करू नये. दोन्ही नावे ऐकायला सारखी असली, तरी त्यांचे मूळ भिन्न आहे.

नाणेघाटातील पुरावा

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात या राणीची स्मृती कोरलेली आहे. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी या लेण्याची नोंद घेतली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी तेथील ब्राह्मी लेखांचे वाचन केले. लेण्यात सातवाहन कुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांचे जेमतेम अवशेष उरले आहेत, पण वर कोरलेली नावे टिकून आहेत. राजा आणि राणी यांच्या नामलेखात आधी देवी नायनिकेचे आणि नंतर श्रीसातकर्णीचे नाव येते, ही बाब लक्षणीय आहे.

भिंतीवरील मोठ्या लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांचे आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांचे तपशील आहेत. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मोठे महत्त्व आहे, कारण दानाचे आकडे त्यात चिन्हांनी लिहिलेले आहेत. राणीचे वर्णन महारठीची कन्या, वेदिश्री व शक्तिश्री यांची माता आणि व्रतस्थ स्त्री असे येते. लेख बराच झिजला असल्याने काळ व तपशील यांबाबत मतभेद आहेत. तथापि तो सामान्यतः इ.स. पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्रांच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

गौतमी रुळले, नागनिका का नाही?

याच घराण्यातील ‘गौतमी’ हे नाव लोकप्रिय झाले. वस्तुतः ‘गौतमी’ हे गोत्रावरून आलेले नाव. गौतमीपुत्र सातकर्णीच्या या मातेचे स्वतःचे नाव बलश्री होते आणि ते नाशिकच्या लेण्यातील लेखात आहे. गोदावरीचेही एक नाव गौतमी असल्याने ते सहज रुळले. बलश्री आणि नागनिका ही व्यक्तिनावे मात्र मागे पडली.

नागनिकेच्या बाबतीत ‘नाग’ या शब्दाविषयीचा संकोच हेही एक कारण असावे. वास्तविक औंढा नागनाथाच्या मराठवाड्यात नागनाथ, नागेश ही पुरुषनावे घरोघरी आढळतात आणि नागपंचमीला स्त्रिया नागाची भक्तिभावाने पूजा करतात. आंध्र, तेलंगण व कर्नाटकात नागमणी, नागलक्ष्मी, नागम्मा ही स्त्रीनावे सर्रास प्रचलित आहेत. शिवाय राधिका, देविका, सारिका या नावांप्रमाणेच ‘इका’ हा शेवट असल्याने नागनिका हे नाव मराठी कानाला परके वाटू नये.

नाव ठेवताना

मुलीसाठी हे नाव निवडणाऱ्या पालकांनी ‘नागनिका’ हेच रूप सर्व कागदपत्रांत एकसारखे लिहावे. ऐकणाऱ्याच्या हातून ‘नयनिका’ किंवा ‘नागिनिका’ असे लिहिले जाण्याचा संभव असतो. नावाचा अर्थ वारंवार सांगावा लागेल, याचीही तयारी ठेवावी. पण त्या निमित्ताने पैठण, नाणेघाट आणि दोन हजार वर्षांपूर्वी राजाच्या आधी जिचे नाव कोरले गेले ती स्त्री, यांची ओळख मुलीला आणि तिच्या सोबत्यांना होईल. प्रतिमा भंगल्या तरी नावाची अक्षरे दगडावर टिकून राहिली. आता ते नाव घराघरांत पुन्हा हाक मारण्याजोगे व्हावे, एवढेच उरते.