हृदयाचे आडवाटेचे पाट

कऱ्हाडनजीक खोडशीच्या बंधाऱ्यापासून कृष्णेचा कालवा निघतो आणि सातारा जिल्ह्यांतून सांगलीच्या बाजूस जातो. कालव्याचें मुख योग्य जागीं आणि वाट मोकळी असेल, तरच शेवटच्या शेतास पाणी पोंचतें. मनुष्याच्या हृदयाचेंहि तसेंच आहे. साऱ्या शरीरास रक्त पुरविणारें हें इंद्रिय स्वतःची तहान मात्र महारोहिणीच्या मुळाशीं फुटणाऱ्या दोन बारीक रोहिणींवर भागवितें. क्वचित् एखाद्या रोहिणीचें मुख जन्मतःच भलत्या ठिकाणीं असतें. पुष्कळांस त्याची बाधा होत नाहीं. परंतु ती महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांच्या सांदींतून गेली असेल, तर भर श्रमांत रक्ताचा ओघ अडून धडधाकट तरुण एकाएकीं कोसळूं शकतो.

हें वैगुण्य जिवंतपणीं ओळखावें कसें? मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचें रुग्णालय १८९४ सालीं उघडलें, तेव्हां हृदयाची परीक्षा हातानें, कानानें व नळीनेंच होई. पुढल्याच वर्षीं जर्मनींत राँटजेन यांनीं क्ष-किरण शोधले; पण त्यांत हृदयाची नुसती छाया दिसे. १९३३ सालीं अमेरिकेंतील ब्लँड, व्हाइट व गार्लंड या डॉक्टरांनीं एका तान्ह्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या हृदयाचा विद्युत्-आलेख काढला होता. तरी डावी रोहिणी फुप्फुसरोहिणीपासून निघाली आहे, हें कळलें तें शवपरीक्षेंत.

१९५८ सालीं क्लीव्हलंड येथें डॉ. सोन्स यांची नळी चुकून उजव्या रोहिणीच्या मुखाशीं गेली, क्ष-किरणांत दिसणारें द्रव्य तींत शिरलें आणि रोहिणी पडद्यावर उमटली. अँजिओग्राफीचा मार्ग असा खुला झाला. तेथेंच पुढें १,२६,५९५ रुग्णांच्या अशा चित्रांची छाननी झाली. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतानुसार १,६८६ जणांच्या रोहिणींत जन्मजात वैगुण्य आढळलें. मात्र हें चित्र सपाट; रोहिणी सांदींतून गेली कीं बाहेरून, याचा निवाडा त्यावरून कठीण पडे.

तो निवाडा सी. टी. स्कॅननें सोपा केला. हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं लंडन येथें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप टिपले. डोकें स्थिर ठेवतां येतें. हृदय क्षणभरहि थांबत नाहीं. २००४ च्या सुमारास एका फेरींत ६४ काप घेणारीं यंत्रें आलीं व हृदयाच्या ठोक्याशीं मेळ घालून चित्रें घेणें साधलें. आतां दंडाच्या शिरेंत द्रव्य टोंचून रुग्णानें कांहीं क्षण श्वास रोखला, कीं रोहिणीचें मुख व वाट सर्व बाजूंनीं दिसते.

सातारा-सांगलीच्या तालमींत घाम गाळणाऱ्या आणि साताऱ्याच्या घाटांत धांवणाऱ्या मुलांशीं या इतिहासाचा निकटचा संबंध आहे. अमेरिकेचा नामांकित बास्केटबॉलपटु पीट मॅराविच १९८८ सालीं चाळिसाव्या वर्षीं खेळतांनाच गेला. त्याला डावी रोहिणी नव्हतीच. पिळदार शरीर हें निर्दोष रोहिणींचें प्रमाणपत्र नव्हे. म्हणून सरसकट सर्वांचे स्कॅन करावे असें मात्र नाहीं. क्ष-किरणांचाहि थोडा उपद्रव असतोच, आणि लहान मुलांत प्रथम ध्वनिलहरींची तपासणी होते. परंतु श्रम करतांना छातींत कळ आली किंवा शुद्ध हरपली, तर तें उन्हाचें अथवा उपासाचें निमित्त समजून सोडूं नये. त्याच दिवशीं व्यायाम थांबवून डॉक्टर गांठावा. दोष वेळींच दिसला, तर शस्त्रक्रियेनें पुष्कळदां तो दुरुस्तहि करतां येतो.