जोखमी हुंडी ते मोटारीचा विमा

श्रोतेहो, विमा ही साहेबाने आणलेली चीज, असा पुष्कळांचा समज आहे. तो पुरता खरा नाही. आपल्याकडच्या सावकारीत जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच ती हुंडी वटायची. गलबत बुडाले की हुंडी घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. या जोखमीपोटी तो ती कमी किमतीत घ्यायचा. विमा म्हणजे तरी दुसरे काय?

पण हुंडीने राखला तो मालवाल्याचा पैसा. मोटारी आल्या आणि निराळाच प्रश्न उभा राहिला : गाडीखाली सापडला त्याचे काय? कोर्टाने भरपाई ठरवली, पण गाडीवाल्याजवळ दमडी नसली, तर त्या निकालाचे विधवेने करायचे काय? म्हणून इंग्लंडने १९३० साली त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे मोटार वाहन कायदा झाला १९३९ साली. त्यातली विम्याची सक्ती मात्र १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. १९८८ च्या कायद्यानेही ती कायम ठेवली.

यातली मेख ध्यानात घ्या. सक्तीचा विमा आहे दुसऱ्यासाठी. तुमची गाडी मोडली, चोरीस गेली, पुरात वाहिली, तर त्यातून पैही मिळत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून सर्वंकष विमा घ्यावा लागतो. आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आणला, की सक्ती त्यालाही आहेच.

तेव्हा निघण्यापूर्वी तेल-हवा बघता ना? तशी विम्याची मुदतही बघत चला.