बारा फुटांची वाट

तर झालं असं की, गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी सिडनीला ऑनसाईट जायचा योग आला. पहिले दोन शनिवार क्लायंटच्या रिलीजने खाल्ले. तिसऱ्या शनिवारी मात्र मी लॅपटॉप कपाटात कोंडला आणि टीममधल्या एकाला सोबत घेऊन बाँडाय गाठलं. (आधी मी त्याला ‘बाँडी’ म्हणत होते. रिसेप्शनवरच्या बाईंनी फार प्रेमाने तो बग फिक्स केला.)

बाँडाय ते कुजी ही समुद्रकाठची पायवाट म्हणजे सिडनीचं लाडकं फिरणं. साधारण ६ किलोमीटर. बाँडाय, टॅमरॅमा, ब्राँटी, क्लोव्हेली, गॉर्डन्स बे आणि कुजी अशी एकामागून एक स्टेशनं. डावीकडे पिवळ्या वालुकाश्माचे कडे आणि खाली फुटणारा पॅसिफिक, उजवीकडे किंमत विचारायचीही छाती होणार नाही अशी घरं. चालत राहायचं, पाय दुखले की वाळूत बसायचं, भूक लागली की ब्राँटीच्या रस्त्यावरच्या कॅफेंच्या रांगेत शिरायचं. आम्हीही तेच केलं. फ्लॅट व्हाइट आणि बनाना ब्रेड. डॉलरचे रुपये करून बघायचे नाहीत एवढं पथ्य पाळलं की झालं :-)

पण कॉफी पिताना एक गोष्ट डोक्यात आली ती जाईना. एवढी महागडी जमीन, आणि तिच्यासमोरून आपण फुकट, न विचारता चाललोय. ना गेट, ना वॉचमन. हे कसं काय जमलं?

हा प्रश्न पडायला कारण आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी कोकणात मामाकडे गेले होते. संध्याकाळी मामाबरोबर नेहमीच्या वाटेने समुद्रावर निघालो, तर वाटेत तारेचं कुंपण आणि नवं कोरं रिसॉर्ट. रखवालदार म्हणाला, “इकडून नाही जाता येणार, प्रायव्हेट आहे.” मामा लहानपणापासून त्या वाटेने खडकांवरची कालवं काढायला जायचा. तो काहीच बोलला नाही, मागे वळला. मी तावातावाने बोलायला लागले तर म्हणाला, “जाऊ दे गो, आता असंच असतं.”

सिडनीत परतल्यावर पुढचे चार-पाच दिवस रात्री जेवणानंतर वाचत बसले. आणि लक्षात आलं की तिथेही ‘असंच’ होतं.

सुरुवात बाँडायपासून. १८०९ साली इथली २०० एकर जमीन विल्यम रॉबर्ट्स नावाच्या रस्ते बांधणाऱ्या माणसाला सरकारने देऊन टाकली. ती मुळात गॅडिगल लोकांची, पण त्यांना कोणी विचारलं नाही. बाँडाय आणि टॅमरॅमाच्या मध्ये मॅकेन्झीज पॉइंटला वाटेलगतच्या खडकावर त्यांनी कोरलेलं जलचराचं चित्र आहे. शेकडो लोक सेल्फी काढत त्याच्या बाजूने निघून जातात. आम्हीही गेलो होतो, नंतर कळलं. म्हणजे वाट मोकळी होण्याची ही गोष्ट एका बळकावण्यापासूनच सुरू होते, हे आधी सांगितलेलं बरं.

पुढे १८५१ मध्ये ही जमीन एडवर्ड स्मिथ हॉल आणि फ्रान्सिस ओब्रायन यांनी घेतली. ओब्रायनने लोकांना किनाऱ्यावर सहलीला येऊ दिलं, पण गर्दी आणि दंगामस्ती वाढल्यावर किनारा बंद करायची धमकीही दिली. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं म्हणा, जमीन त्याची. पण नगरपालिकेने सरकारकडे लकडा लावला आणि ९ जून १८८२ रोजी बाँडाय सार्वजनिक किनारा झाला. मालकाच्या मेहेरबानीने मिळणारी गोष्ट हक्काची झाली. दोन्हींत फरक काय, हे ज्याचं ॲक्सेस कार्ड शुक्रवारी संध्याकाळी अचानक बंद पडलंय त्याला विचारा.

बरं, किनारा मिळाला, पण पाण्यात शिरायचं नाही! १८३० च्या दशकातल्या कायद्यांनी लोकांच्या नजरेसमोर, सकाळी ६ ते रात्री ८ या वेळात समुद्रस्नानाला बंदी होती. अब्रूचा प्रश्न! हा कायदा मोडून दाखवला तो सिडनी हार्बरच्या उत्तरेला असलेल्या मॅनलीत. ऑक्टोबर १९०२ मध्ये विल्यम गोचर या वृत्तपत्रवाल्याने स्वतःच्याच पेपरात आधी जाहीर केलं आणि भर दुपारी पाण्यात उडी मारली. गंमत म्हणजे पोलिसांनी आधी लक्षच दिलं नाही. पुन्हा पुन्हा गेल्यावर एकदाचं त्याला बाहेर काढलं, पण खटला भरला नाही. १९०३ मध्ये मॅनलीच्या नगरपालिकेने गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कपडे घालण्याच्या अटीवर दिवसाची अंघोळ मान्य केली.

लोक पाण्यात उतरू लागले तसे बुडूही लागले, आणि त्यांना वाचवणारी मंडळंही उभी राहिली. बाँडायचा लाइफसेव्हिंग क्लब १९०७ चा. ब्राँटीवाले म्हणतात आम्ही १९०३ चे, पहिले आम्हीच. हा वाद आपल्याकडच्या पहिल्या सार्वजनिक गणपतीच्या वादाइतकाच सुटण्यासारखा आहे. वाद सोडा, पण ६ फेब्रुवारी १९३८ च्या रविवारी बाँडायला एकामागून एक आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो लोकांना आत ओढलं, तेव्हा याच स्वयंसेवकांनी सुमारे २५० जणांना बाहेर काढलं. पाच जण गेले. एरवी तो आकडा किती झाला असता याची कल्पना करवत नाही.

आता मुख्य मुद्दा, टॅमरॅमा. बाँडायच्या पुढचा हा एवढासा किनारा, आपल्याकडे पुळण म्हणतात तसा. डिसेंबर १९०६ मध्ये नाटकांचे निर्माते विल्यम अँडरसन यांनी इथे ‘वंडरलँड सिटी’ उघडली. हत्ती, स्केटिंग रिंक, झुलती रेल्वे, एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत तारेवरून जाणारं खोटं विमान. त्या काळातलं एस्सेलवर्ल्डच. आणि तिकीट न काढता कोणी घुसू नये म्हणून त्यांनी तारेचं उंच कुंपण घातलं, ज्याने किनाऱ्याची वाटच बंद झाली.

टॅमरॅमाला रोज पोहायला येणाऱ्यांनी हे मानलं नाही. त्यांचे आणि अँडरसनच्या माणसांचे खटके उडत राहिले. शेवटी पोहणारे सरकारकडे गेले आणि मार्च १९०७ मध्ये सरकारने किनाऱ्यालगतची १२ फूट रुंदीची पट्टी परत ताब्यात घेण्याचा आदेश काढला. फक्त १२ फूट! आमच्या ऑफिसातली दोन क्युबिकलं मावतील एवढी जागा. वंडरलँड सिटी १९११ मध्ये बंद पडली, हत्ती गेला, विमान गेलं. किनाऱ्याची वाट मात्र मोकळी राहिली.

त्याच १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये नगराध्यक्षांनी पुरुषांनाही पोहताना घागऱ्यासारखा पोशाख सक्तीचा करायचं ठरवलं. तर पुरुष आई-बहिणींचे पेटीकोट, मिळतील ते झगे चढवून किनाऱ्यावर मिरवणुकीने आले. नियम हसण्यावारी गेला. आंदोलन कसं करावं याचा हा नमुनाच!

पुढे १९३० च्या महामंदीत बेरोजगारांना काम द्यायचं म्हणून या वाटेवरची बरीच दगडी बांधकामं झाली. क्लोव्हेलीच्या चिंचोळ्या खाडीच्या दोन्ही बाजूंचे काँक्रीटचे लांबलचक ओटे त्याच धर्तीचे. त्यांवर पाय सोडून बसले होते तेव्हा ठाऊक नव्हतं. वाचल्यावर आजोबांची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून झालेले रस्ते ते आम्हाला बोट दाखवून दाखवायचे.

ब्राँटी आणि क्लोव्हेलीच्या मध्ये वाट वेव्हर्लीच्या १८७७ पासूनच्या दफनभूमीला लागून जाते. कवी-कथाकार हेन्री लॉसन इथेच आहे. मी थांबायला हवं होतं ते लॉरेन्स हारग्रेव्हपाशी. या इंजिनिअरने १८९४ मध्ये पेटीसारखे चार पतंग जोडून स्वतःला जमिनीपासून १६ फूट वर उचललं, आणि आपल्या शोधांचं पेटंट घेतलं नाही. ज्ञान सगळ्यांचं म्हणून मोकळं ठेवलं. ओपन सोर्सवाल्यांनी एक फूल वाहायला हरकत नाही.

आणि इथेच फॅनी ड्युरॅकही आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांचं पोहणं पहिल्यांदा आलं. पण पुरुष प्रेक्षक असतील तिथे बायकांनी स्पर्धेत उतरायचं नाही, असा तिच्याच प्रांतातल्या महिला संघटनेचा नियम होता. लोकांनी ओरड केल्यावर तो सैल झाला. ड्युरॅकने सुवर्ण जिंकलं, तिच्या मैत्रिणीने, मीना वायलीने, रौप्य. वायलीच्या वडिलांनी १९०७ मध्ये बांधलेला समुद्रातला तलाव कुजीला अजून आहे. त्याच्या अलीकडे खडकांत फक्त बायका-मुलांसाठीचा मॅकआयव्हर्स तलाव. आमच्या टीममेटला मी वर बाकावर बसवलं आणि नाममात्र पैसे टाकून एकटी आत गेले. सत्तरीच्या बायका निवांत डुंबत होत्या, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. इतकं बिनधास्त मी आयुष्यात कधी पाण्यात उतरले नव्हते.

असो. सांगायचं एवढंच की ही वाट निसर्गाने आयती दिलेली नाही. कड्यांवर निसर्गाचा कॉपीराइट आहे, पण त्यांच्यावरून चालण्याचा हक्क कोणी अर्ज लिहून, कोणी कायदा मोडून, कोणी पेटीकोट नेसून मिळवलाय. आपल्याकडेही १९९१ पासून किनाऱ्यावरच्या बांधकामांवर सीआरझेडचे निर्बंध आहेत. पण कागदावरचा नियम आपोआप एक्झिक्यूट होत नाही, कोणीतरी तो रन करावा लागतो. टॅमरॅमाचे पोहणारे ‘जाऊ दे’ म्हणाले असते तर ते १२ फूट गेलेच असते.

त्या रविवारी मामाला फोन केला आणि विचारलं, ती वाट गावाच्या नकाशावर आहे का रे? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तलाठ्याकडे बघायला हवं.”

बघ म्हटलं. अर्ज मी टाईप करून देते.