डब्लिनमधला 'परदेशी'

साधारण १८३०च्या सुमारास डब्लिनच्या एका हॉटेलात एक तरुण उतरला. बोलायचा भरभरून, पण कोणाला एक अक्षर कळेना. हॉटेलवाल्यांनी परस्पर ठरवून टाकलं की हा कोणीतरी परदेशी दिसतो! ट्रिनिटी कॉलेजच्या दरवानाशीही तीच गत. शेवटी मित्राच्या खोलीकडे बोट दाखवलं तेव्हा आत जायला मिळालं. (माझं इंग्रजी ऐकून इथे पहिल्या महिन्यात लोकांचे चेहरे असेच व्हायचे, पण ते असो.)

गंमत म्हणजे हा गडी याच ट्रिनिटीचा स्कॉलर. वय २६च्या आसपास, फ्रेंच, इटालियन, जर्मन येणारा. एके सकाळी तळ्यात पोहून आला, न्याहारीला बसला आणि झटका येऊन कोसळला. पंधराएक दिवसांनी शुद्ध आली. लिहिता येत होतं, वाचलेलं समजत होतं, हिशेब जमत होते, अंगात लुळेपणा नव्हता. फक्त तोंडातून शब्दांऐवजी भलतंच काही यायचं.

डॉ. जोनाथन ऑस्बॉर्न यांनी ही केस १८३३ साली छापली. मेंदूतली वाचेची जागा ब्रोकाने पॅरिसमध्ये दाखवली ती १८६१ साली, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी. ऑस्बॉर्न यांचं म्हणणं असं की हा माणूस बोलण्याची कला विसरलाय, तर ती पुन्हा शिकवा. लहान मुलासारखं आधी एकेक अक्षर, मग शब्द, दुसऱ्याच्या मागून म्हणायचे. आपल्याकडे पंतोजी मुलांकडून घोकून घेत तसंच की हो!

पण मला इंजिनिअर म्हणून खरी आवडली ती पुढची गोष्ट. सुधारणा मोजायची कशी? ऑस्बॉर्न यांनी डॉक्टरांच्या कॉलेजच्या नियमावलीतलं एक रुक्ष वाक्य त्याला मोठ्याने वाचायला दिलं आणि तोंडातून जे आलं ते जसंच्या तसं उतरवून ठेवलं. आज रक्तातली प्रथिनं तपासतात. डोक्याला मार बसल्यावर जीएफएपी आणि यूसीएच-एल१ मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली परवानगी दिली. पण तिचं काम सीटी स्कॅन लागेल की नाही ते ठरवण्यापुरतं. वाचा किती परत आली हे पाहायला अजूनही माणसाला बोलतंच करावं लागतं.

काही महिन्यांच्या घोकंपट्टीनंतर ऑस्बॉर्न यांनी तेच वाक्य पुन्हा वाचायला दिलं. सुरुवातीचे शब्द आता जवळजवळ सरळ आले. मधले काही शब्द मात्र अजून अडखळत होते. तेही त्यांनी जसेच्या तसे छापले.