भार आणि बळ: पाव मैलाच्या शर्यतीचा इतिहास

यंत्रयुगानें मनुष्याच्या हातीं वेग दिला, ही गोष्ट आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, वेग कशानें येतो हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. इंजिन मोठें केलें कीं गाडी जोरानें धांवते, एवढें उत्तर बहुतेकांस पुरेसें वाटतें. परंतु अमेरिकेंत गेल्या पाऊणशें वर्षांत वाढलेल्या एका शर्यतीचा इतिहास पाहिला म्हणजे हें उत्तर किती अपुरें आहे तें कळून येतें. या शर्यतीस ड्रॅग रेसिंग म्हणतात. दोन मोटारी सरळ सडकेवर शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या, इषारा होतांच सोडावयाच्या, आणि पाव मैल म्हणजे १,३२० फूट अंतर आधीं कोण काटतो तें पाहावयाचें, एवढाच हा खेळ. वळण नाहीं, चढ नाहीं. म्हणूनच भार आणि बळ यांचा झगडा येथें जितका उघड दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल. त्या झगड्यांत मनुष्यदेहाची किंमत कशी मोजावी लागली, हें सांगणें हाच आमचा हेतु आहे.

या खेळाचें मूळ दक्षिण कॅलिफोर्नियांतील कोरड्या सरोवरांत आहे. म्युरॉक, एल मिराज इत्यादि ठिकाणच्या सपाट, टणक तळांवर तरुण मंडळी आपल्या जुन्या फोर्ड गाड्या पळवीत. १९३७ सालीं त्यांची सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था निघाली. दुसरें महायुद्ध संपल्यावर हा नाद शहरांच्या रस्त्यांवर आला व पोलिसांस डोकेदुखी झाला. १९५० सालीं सांता आना येथील विमानतळाच्या धांवपट्टीवर सी. जे. हार्ट व त्याचे भागीदार यांनीं रीतसर शर्यती सुरू केल्या. आणि १९५१ सालीं वॉली पार्क्स यानें नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन करून या उच्छृंखल नादास नियमांचा लगाम घातला.

या तरुणांपैकीं बहुतेकांपाशीं पैसा थोडा होता. इंजिनाचें बळ वाढविण्यास पैसा लागतो; गाडीचा भार कमी करण्यास पाना व हातोडी पुरते. म्हणून चाकांवरचे पत्रे, समोरची कांच, मागची बैठक, जें जें सुटेल तें तें त्यांनीं काढून टाकलें. सांता आना येथें डिक क्राफ्ट यानें आणलेली 'बग' नांवाची गाडी तर जवळजवळ नुसता सांगाडा, इंजिन व एक बैठक एवढीच होती. हा मार्ग गरजेनें सुचविलेला असला तरी गणितास धरून होता.

तें गणित असें. गाडीच्या भारास इंजिनाच्या अश्वशक्तीनें भागावें, आणि येणाऱ्या आंकड्याचें घनमूळ काढावें. पाव मैलास लागणारा वेळ त्या घनमुळाच्या प्रमाणांत असतो. रॉजर हंटिंग्टन या मोटारविषयक लेखकानें गाड्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून या स्वरूपाचें सूत्र बसविलें, व १९७३ सालीं जेफ्री फॉक्स यानें पदार्थविज्ञानाच्या एका अमेरिकन नियतकालिकांत या शर्यतीची शास्त्रीय मीमांसा केली. ३,२०० पौंडांच्या गाडींत २०० अश्वशक्तीचें इंजिन असेल, तर दर अश्वशक्तीच्या वांट्यास १६ पौंड येतात, आणि अशा गाडीस पाव मैलास सुमारे १४.७ सेकंद लागतात. हा वेळ निम्मा करावयाचा तर बळ दुप्पट करून भागत नाहीं. तें आठपट करावें लागतें. उलट याच गाडीचे १०० पौंड उतरविले तर सुमारे दीड दशांश सेकंद वांचतो. तेवढाच वेळ वांचविण्यास सहा-साडेसहा अश्वशक्ति वाढवावी लागेल. ज्या शर्यतींत जय-पराजय सेकंदाच्या शतांशावर ठरतो तेथें दीड दशांश ही थोडीथोडकी मिळकत नव्हे.

नियम करणाऱ्यांनींहि हें तत्त्व ओळखलें होतें. बाजारी गाड्यांचे वर्ग पाडतांना ते कारखान्यानें दिलेल्या वजनास जाहीर अश्वशक्तीनें भागीत. मग कारखानेहि भाराच्या मागें लागले. १९६३ सालीं पॉन्टिॲक कंपनीनें आपल्या कांहीं कॅटालिना गाड्यांच्या सांगाड्यास भोकें पाडून वजन घटविलें. लोक त्यांस 'स्विस चीज' म्हणूं लागले.

येथवर भार हा केवळ शत्रु म्हणूनच पुढें आला. त्याची दुसरी बाजू गाडी जाग्यावरून हलतांना दिसते. चाक सडकेस मागें रेटतें म्हणून सडक चाकास पुढें रेटते. हा रेटा घर्षणापलीकडे जाऊं शकत नाहीं, आणि घर्षण तर चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून. भार अपुरा असेल तर चाक जागच्या जागीं गरगर फिरून नुसता धूर काढील. म्हणजे गाडी ओढावयास हलकी पाहिजे आणि मागच्या चाकांवर जड पाहिजे, असा हा पेंच आहे. मात्र ही जडता हि बेतानेंच हवी. बैलगाडींत ओझें आंसाच्या मागें गेलें कीं गाडी उलाळ होते, हें आपल्याकडे खेड्यांतील मुलासहि ठाऊक असतें. या मोटारींचीं पुढचीं चाकें अशींच वर उचललीं जातात.

या पेंचावर १९५४ सालीं मिकी थॉम्प्सन यानें एक साधा तोडगा काढला. त्यानें चालकाची बैठकच मागच्या आंसाच्या पलीकडे नेली. चालकाचें शरीर आजवर निव्वळ ओझें होतें. तें आतां चाकांस दाबून धरणारें उपयुक्त वजन झालें. गलोलींतील खड्याप्रमाणें चालक सर्वांच्या मागें बसलेला, म्हणून या घडणीस 'स्लिंगशॉट' म्हणजे गलोल असें नांव पडलें. मऊ रबराचे, रुंद व गुळगुळीत टायर तिच्या मदतीस आले. घर्षण फार तर भाराएवढें असतें असें धरल्यास पाव मैलास निदान नऊ सेकंद लागलेच पाहिजेत, असा हिशेब निघतो. परंतु १९५७ सालीं फ्लॉरिडांतील ब्रुक्सव्हिल येथें डॉन गार्लिट्स यानें ८.७९ सेकंदांत पाव मैल काटला. कॅलिफोर्नियांतील पुष्कळांचा यावर विश्वास बसेना. मऊ रबर सडकेच्या खडबडींत शिरून तिला चिकटतें, आणि पुस्तकांतील ती मर्यादा ओलांडूं शकतें. १९६४ सालीं गार्लिट्सनेंच ताशीं २०० मैलांचा वेग अधिकृतपणें गांठला.

पण चालकास वजन म्हणून वापरण्याची किंमत द्यावयाची राहिली होती. स्लिंगशॉटमध्यें इंजिन चालकाच्या तोंडासमोर, आणि क्लच व गिअरची पेटी त्याच्या पायांपाशीं येई. भार योग्य जागीं पडावा म्हणून निवडलेली जागाच अत्यंत धोक्याची होती. ८ मार्च १९७० रोजीं लाँग बीच येथील लायन्स पट्टीवर गार्लिट्सची गाडी सुटतांच तिची गिअरची पेटी फुटली, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग तुटून गेला. योगायोग असा कीं, स्लिंगशॉटचा कर्ता थॉम्प्सन हाच या पट्टीचा पहिला व्यवस्थापक होता.

रुग्णालयांत पडल्या पडल्या गार्लिट्सनें निराळ्या गाडीचा विचार केला: इंजिन मागें, चालक पुढें. अशा गाड्या भरकटतात असा तोंवरचा अनुभव होता. सुकाणूचा परिणाम मंद केल्यावर तो दोष गेला. १९७१ सालीं पोमोना येथील विंटरनॅशनल्स शर्यत त्यानें या गाडीनें जिंकली, आणि थोड्याच वर्षांत स्लिंगशॉट नाहींसा झाला. चालकाच्या देहाचें काम आतां मागच्या पंखाकडे आलें. उलटा बसविलेला हा पंख धांवत्या गाडीस वाऱ्याच्या जोरानें खालीं दाबतो. ओझें न वाढवितां भार मिळतो. जुना पेंच असा सुटला.

बळ मात्र वाढतच राहिलें. १९९२ सालीं केनी बर्नस्टाइन यानें ताशीं ३०० मैल ओलांडले. आज टॉप फ्युएल वर्गाच्या, सुमारे २,३०० पौंडांच्या गाडींत नायट्रोमिथेनवर चालणारें सुमारे ११,००० अश्वशक्तीचें इंजिन असतें. एका पौंडास चाराहून अधिक अश्वशक्ति! २१ जून २००८ रोजीं न्यू जर्सींतील इंग्लिशटाउन येथें स्कॉट कॅलिटा याच्या गाडीचें इंजिन फुटलें, गाडी पट्टीच्या शेवटापलीकडे गेली आणि तो मृत्यु पावला. त्यानंतर सर्वांत वेगवान् वर्गांची शर्यत १,००० फुटांवर आणली गेली. ज्या अंतरापासून हा खेळ सुरू झाला तेंच अंतर त्याच्या बळास अपुरें जागेचें ठरलें.

आज नियमच किमान भार ठरवितात, व त्यांत चालकाचें वजनहि धरतात. म्हणून चालकाभोंवतालचा पोलादी पिंजरा बारीक करून कोणास लाभ होत नाहीं. एके काळीं पाना घेऊन जें जें काढून फेकलें त्यांतील कांहीं भार मनुष्याच्या रक्षणासाठीं परत आणावा लागला. वेगाचें गणित भार आणि बळ या दोनच आंकड्यांवर सुटतें. पण त्या भारांत एक जिवंत मनुष्य आहे, हें त्या गणितास स्वतः होऊन कळत नाहीं. तें कळावें म्हणून नियम करावे लागतात, आणि ते बहुधा कोणी तरी पाय किंवा प्राण गमावल्यावरच होतात.